शेवटचा हात कुणाचा?

मोटार बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रकारची भीती असते. गाडी बिघडेल ही पहिली, आणि दुरुस्त होऊन आलेली गाडी पुन्हा बिघडेल ही दुसरी. पहिलीवर उपाय आहे. गाडी गॅरेजात न्यावी आणि खिसा मोकळा करावा. पण दुसरीवर उपाय काय? पैसे तर देऊन झालेले असतात, आणि विश्वासही. मग माणूस रागावतो. रागावलेल्या माणसाला सगळ्यात आधी कोण दिसतो, तर ज्याने दुरुस्ती केली तो. मलाही तोच दिसला. त्या दिसण्याची ही हकिगत आहे. ती सांगताना आज इतक्या वर्षांनीसुद्धा कानाच्या पाळ्या गरम होतात. पण दिवाळीच्या निवांतपणात अशा गोष्टी सांगून टाकाव्यात, मन हलके होते.

साल १९८३. मी पुण्यात एका बँकेत नोकरीला होतो आणि नुकतीच एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. तिला सगळे फियाटच म्हणत. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झालेली. माझ्या हाती आली तेव्हा तिचे वय सात वर्षांचे होते आणि माझे मोटारीचे ज्ञान सात दिवसांचे. मात्र हौस दांडगी. डॅशबोर्डाखाली इंजिनाचे तापमान दाखवणारे एक वेगळे घड्याळ मी मुद्दाम बसवून घेतले होते. रस्त्यावर कमी आणि त्या काट्याकडे जास्त पाहतो, असे सौभाग्यवतीचे म्हणणे होते.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्या गाडीचे हेड गॅस्केट जळले. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचे झाकण म्हणजे हेड. या दोहोंमध्ये जो पातळ पत्रा घालून सांधा घट्ट करतात तो गॅस्केट. तो जळला की सिलिंडरमधला धूर पाण्यात आणि पाणी सिलिंडरमध्ये अशी सरमिसळ होते. आमच्या पेठेतल्या एका गॅरेजात हेड उतरवले, घासून सपाट करून आणले आणि नवे गॅस्केट घातले. मालक सांगत होते आणि एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा हात चालवत होता. मराठवाड्यातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेला, अबोल. बिल झाले सहाशे चाळीस रुपये. पाचशे दिले, बाकीचे दिवाळीनंतर देतो म्हणालो. गाडी छान चालू लागली.

आणि पाडव्याच्या पहाटे आम्ही बेलापूरला निघालो.

आजच्या वाचकाला बेलापूर म्हटले की नवी मुंबई आठवते. आमचे बेलापूर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या काठचे. याची एक गंमत आहे. दौंड-मनमाड रेल्वेवर बेलापूर नावाचे स्टेशन आहे, पण तिथे उतरले की माणूस श्रीरामपुरात असतो! खरे बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर दूर. पूर्वी नवखे पाहुणे त्या स्टेशनावर उतरून आमच्या आत्याचा वाडा विचारीत आणि टांगेवाले गालात हसत.

आत्या ही अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकुलती एक बहीण. लग्न होऊन बेलापुरास गेली तेव्हापासून अप्पांनी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. त्या वर्षी अप्पा चौऱ्याहत्तरीत होते. उन्हाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी एस. टी.चा प्रवास बंद केला होता. तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितले होते, "अप्पा, यंदा तुम्हाला आपल्या गाडीतून नेतो." हे वचन आणि ते घड्याळ, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून मी स्टिअरिंगवर बसलो.

वाघोलीच्या पुढे काटा चढू लागला.

तो लालाजवळ गेला, माझ्या पोटात गोळा आला, आणि तेवढ्यात काटा झरझर खाली उतरला. मी मनात हुश्श म्हटले. शिरूरच्या अलीकडे पुन्हा तेच. चढला, थांबला, उतरला. सुप्याच्या पुढे चढणीवर मात्र तो उतरायला विसरला. बॉनेटमधून वाफेचा फवारा निघाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी कॅन घेऊन धावलो आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच एका मालट्रकवाल्याने ओरडून मला थांबवले. देवासारखा भेटला म्हणायचा. "साहेब, तोंड भाजून घ्यायचंय का? अर्धा तास बसा गप!"

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नव्हे. ते आतले पाणी दाबाखाली ठेवते, आणि दाबाखालचे पाणी उशिरा उकळते. आपल्या घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. झाकण अचानक उघडले की दाब जातो, शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे उसळते आणि उघडणाऱ्याचा चेहरा जन्माचा भाजतो. तसेच तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणेही वाईट. पुष्कळ गाड्यांत हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. अवचित गारव्याने हेड वाकते, प्रसंगी तडकते. इंजिन गार होऊ द्यावे, मग झाकणावर ओला फडका टाकून ते हळूहळू फिरवावे आणि पाणी थोडेथोडे घालावे.

अर्धा तास आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. अप्पा एवढेच म्हणाले, "आपण परत फिरू या का? तिला तार करू." त्यांचा आवाज साधा होता. पण मी मान वर करून त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

नगरला पोचलो तो माझा पारा इंजिनाच्या वर गेलेला. स्टँडजवळून पुण्याच्या गॅरेजला ट्रंक कॉल लावला. पाडवा असल्यामुळे मालक वहीपूजनाला दुकानातच होते. मी काय काय बोललो ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. "गॅस्केट बसवता येत नाही तर दुकान कशाला उघडता? माझे आजारी वडील रस्त्यावर बसलेत! बाकीचा एक पैसा देणार नाही!" पलीकडून मालक नरमाईने म्हणाले, "साहेब, चूक झाली असंल. पोराच्या हातून झालं असंल. त्याला आजच घरी बसवतो." मी फोन ठेवला. खोटे कशाला बोलू? मला बरे वाटले.

नगर ते बेलापूर हा पाऊणशे किलोमीटरच्या आतला रस्ता. विळदचा घाट, राहुरी, देवळाली प्रवरा असे करीत, तीनदा थांबत, आम्ही तो साडेतीन तासांत तोडला. आत्या दारातच उभी होती. तिने आधी भावाकडे पाहिले, मग वाफाळणाऱ्या गाडीकडे, आणि म्हणाली, "दोघांनाही आधी पाणी द्या."

आत्याचे यजमान, आमचे मामा, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "मिस्त्रींना बोलावतो. मोटारीचा माणूस नाही, पण इंजिनाचा आहे."

हा भाग प्रवरेच्या कालव्याचा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि या मुलखाचे रूप पालटले. पाणी आले, मागोमाग ऊस आला, उसामागे साखर आली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. पुढे पलीकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. जिथे कालवा पोचत नाही तिथे विहिरी, आणि वीज येईपर्यंत विहिरीवर तेलाचे इंजिन. मिस्त्रींची उमेदीची वर्षे हरेगावच्या बॉयलरवर गेलेली. नंतर पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिने हेच त्यांचे जग. साठीचे, किडकिडीत, डोक्याला रुमाल, आणि सोबत एक कापडी पिशवी. तिच्यातली हत्यारे मोजून सहा-सात.

त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "सांगा पाव्हणं, पहिल्यापासनं सांगा. कवा तापती? उभी असताना का पळताना?"

"पळताना. चढावर जास्त."

"तापली की तापलेलीच ऱ्हाती, का उतरती?"

"उतरते. पुन्हा चढते."

या उत्तरावर त्यांनी कप खाली ठेवला. "आणि गॅस्केटचं काम झाल्यावर गाडीला कुणाकुणाचा हात लागला?"

"कुणाचाच नाही," मी ठामपणे सांगितले.

"बरं," ते म्हणाले. "आमच्या बॉयलरवर एक साहेब हुते, ते सांगायचे, बिघाड शेवटच्या हाताच्या आसपास असतो. लांब हुडकाय जाऊ नये."

"तेच तर मी म्हणतोय! गॅस्केट नीट बसवलेलं नाही!"

"आसंल. पण गॅस्केटलाच इचारू की."

इथून पुढे दोन तास मी जे पाहिले त्याला मी आजही शिक्षण म्हणतो. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा ज्वालेचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाते. त्या उष्णतेतला साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली बरीचशी धुराबरोबर जाते, आणि राहिलेली बाहेर काढण्याचे काम पाणी करते. पंप पाणी ढकलतो, पाणी इंजिनाच्या पोटात फिरून तापते, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, पंख्याच्या वाऱ्याने गार होते आणि खालच्या नळीने परत जाते. या फेरीत जिथे खंड पडेल तिथे दुखणे. म्हणजे वैद्याने नाडी धरावी तशी ही फेरी एका टोकापासून तपासायची.

पाणी थंड झाल्यावर मिस्त्रींनी झाकण काढून ठेवले आणि इंजिन चालू करायला सांगितले. गॅस्केट फुटके असेल तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येतात. आम्ही पाहत राहिलो. पाणी संथ. मग त्यांनी तेलाची पट्टी काढून बोटावर पुसली. पाणी मिसळलेले तेल दह्यासारखे पांढुरके होते. हे काळेभोर, स्वच्छ होते. मागच्या नळीतून पांढरी वाफही नाही. "गॅस्केट शंभर टक्के," मिस्त्री म्हणाले. "ज्यानं बसवलं त्याचा हात चांगलाय."

मी गप्प. नगरच्या फोनची आठवण झाली, पण मी ती बाजूला सारली. गॅस्केट नसेल तर दुसरे काही त्यानेच बिघडवले असेल!

पुढे पंखा. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. अर्धा इंच दबला, म्हणजे योग्य. रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरला, तो जाळीला चिकटून बसला. म्हणजे वारा आत ओढला जातो आहे, पंखा उलटा बसवलेला नाही. दुरुस्तीनंतर असेही होते बरे का! खालची नळी दाबून पाहिली. रबर मऊ पडले असेल तर पंपाच्या ओढीने ती चिपाडासारखी चपटी होते. ती टणक होती. डिस्ट्रिब्युटरवरची खूण जिथल्या तिथे होती. ठिणगी उशिरा पडू लागली तरी इंजिन तापते.

मग त्यांनी झाकण लावले, दहा मिनिटे इंजिन फिरू दिले आणि माझा हात धरून सांभाळून वरच्या नळीवर ठेवला. घड्याळाचा काटा लालाच्या जवळ, आणि नळी कोमट! रेडिएटर तर रांजणासारखा गार.

"समजलं का काही? चुलीवर आधण आलंय आणि न्हाणीघरात पाणी गारच हाय. मधलं दार बंद हाय."

ते मधले दार म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी आणि ते तापले की आपोआप उघडणारी ही छोटी झडप हेडच्या तोंडाशी बसवलेली असते. तिच्या पोटात मेण असते. मेण वितळले की फुगते, दांडा ढकलते, दार उघडते. गार झाले की स्प्रिंग ते मिटवते. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही मेणाची युक्ती पुढे आणली. वीज नाही, चाके नाहीत, नुसते मेण!

मामा म्हणाले, "म्हणजे थर्मोस्टॅट अडकला."

"अडकला असता तर काटा उतरला नसता, गुरुजी. पंप मेला असता तरी उतरला नसता. ह्यो उतरतो. म्हंजी दार उघडतंय, पण येळ निघून गेल्यावर." तोपर्यंत इंजिन गार झाले होते. त्यांनी थोडे पाणी काढले, दोन नट सोडले आणि वरची टोपी उचलली. आत वाकून पाहिले. क्षणभर थांबले. काही बोलले नाहीत. थर्मोस्टॅट बाहेर काढून त्यांनी त्याच्या वरच्या अंगाला खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "ताई, एक पातेलं मिळंल का? खायाचं नको."

आत्याच्या स्वयंपाकघरात उद्याची बासुंदी आटत होती. तिने माळ्यावरून एक कळकट पातेले काढले. "हे घ्या. आणि माझ्या दुधाशेजारी तुमचं ते तेलकट ठेवू नका हं!" मागच्या अंगणात स्टोव्ह पेटला. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यात टांगला, बुडाला टेकू न देता, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेले असते. मामांनी आपला पाऱ्याचा तापमापक आणला. आम्ही सगळे, अप्पासुद्धा, त्या पातेल्याभोवती असे बसलो होतो की जणू सत्यनारायणच आहे.

साठ. सत्तर. ऐंशी. झडपेवर ८२ हा आकडा कोरलेला होता. पारा त्र्याऐंशीला आला आणि कडेला बारीक फट दिसू लागली. पंचाण्णवला ती पुरती उघडली. बाहेर काढली तशी हळूहळू मिटली.

"चांगला आहे की!" मी म्हणालो. "मग गाडीत उशिरा का उघडतो?"

मिस्त्रींनी थर्मोस्टॅट तळहातावर घेतला. "ह्यो मेणाचा गड्डू इंजिनाच्या अंगाला पाहिजे, गरम पाण्यात बुडलेला. ही खडूची रेघ बघा. गाडीत ह्यो वर हुता, रेडिएटरकडं. घरात आग लागलीय आन् राखणदार अंगणात पाठ करून बसलाय. वाफ अंगावर आली की मग ह्यो दार उघडणार! माल चांगला, जागा बरोबर, तोंड उलटं."

"आपण तर काढतानाच पाहिलं होतंत," मामा म्हणाले.

"पाह्यलं हुतं. पण उलटा बी असंल आन् बिघडलेला बी असंल. दिसलं म्हणून लगेच खरं धरू नये, गुरुजी. दोन्ही तपासावं."

"बघा!" मी उसळलो. "त्या पोरट्यानेच उलटा बसवला! गॅस्केट नीट बसवलं, पण हे..."

मिस्त्री काही न बोलता पिशवीजवळ गेले आणि टोपीखालून निघालेला कागदी वायसर घेऊन आले. टोपी आणि हेड यांच्यामध्ये पाणी गळू नये म्हणून जाड कागद कापून घालतात, तो. ओला, फाटका, पण एका बाजूला काहीतरी छापलेले. कुंकवाच्या रंगाची अक्षरे आणि अर्धा गणपती.

अप्पांनी चष्मा पुसून तो हातात घेतला. "अरे," ते म्हणाले, "ही आपल्या घरी आलेली लग्नपत्रिका आहे. गेल्या महिन्यातली."

वाचकहो, माणूस विसरतो म्हणजे किती विसरतो! बँकेतल्या एका मित्राने मला सांगितले होते, "तो थर्मोस्टॅट काढून फेक, आपल्या हवेत लागतो कशाला?" गाडी गॅरेजातून आल्यावर चार दिवसांनी मी तो काढला होता. मग थंडीच्या सकाळी इंजिन लवकर गरम होईना, आचके देऊ लागले. म्हणून निघायच्या आदल्या रात्री, बॅटरीच्या उजेडात, मी तो परत बसवला. कागद फाटला होता म्हणून पत्रिकेचा कापला. कोणते तोंड वर हे आठवेना. टोकदार बाजू वर छान दिसते म्हणून तशी ठेवली. पंधरा मिनिटांचे काम. ते मी दुरुस्तीत धरलेच नव्हते. "गाडीला कुणाचा हात लागला?" या प्रश्नात मला माझा हात दिसलाच नव्हता!

मी खरे ते सांगितले. पोराला घरी बसवायला लावले तेही सांगितले. कोणी हसले नाही. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट सुलटा बसवला, नवा कागद कापून घातला, नट आवळले, वरची नळी दाबून दाबून आतली हवा काढली आणि पाणी भरले. मग हात पुसत म्हणाले, "गाडी फिरवून बघाया पाहिजे. श्रीरामपूरपत्तर जाऊ. तिथं फोन बी हाय."

त्या काही किलोमीटरांत मी घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही. मिस्त्रीच शेजारून सांगत होते, "मधोमध हाय. हालत न्हाई."

पुण्याला फोन लागला तेव्हा सात वाजले होते. मी मालकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, पोरगा दुपारच्याच गाडीनं गावी गेला. हिशेब पण नाही घेतला. सणाच्या दिवशी कोण थांबतं?"

भाऊबीज झाली. पाटावर बसलेल्या अप्पांना आत्याने ओवाळले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते आणि दोघेही निरांजनाच्या धुराला दोष देत होते. माझे वचन पुरे झाले. पण घास काही सरळ उतरला नाही. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "सणाचं ऱ्हाऊ द्या. त्या पोराचं तेवढं बघा," म्हणाले.

पुण्यास येताच उरलेले एकशे चाळीस रुपये दिले आणि चूक माझी होती असे कागदावर लिहून मालकांच्या हाती ठेवले. त्यांनी ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर पोरगा परत आला. मी गॅरेजात गेलो, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो पान्याशी चाळा करीत खाली पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, "साहेब, मी गड्डू खालीच घातला होता. मला म्हाईत होतं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याने बरोबर केले होते, ते त्याला ठाऊक होते, आणि तरीही त्याला कोणी विचारले नव्हते.

मोटारीच्या इतिहासात एक गोष्ट आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या गाडीत दोन मुलांना घालून मॅनहाइमहून फॉर्झहाइमला, आपल्या आईकडे निघाली. शंभराहून जास्त किलोमीटरचा तो प्रवास. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता; पाणी उकळून उडून जाई आणि बाईला वाटेत ठिकठिकाणी ते भरावे लागे. पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखा, आठ हजारांवर बारीक नळ्यांचा रेडिएटर केला आणि मोटारीची तहान भागली. तेव्हा माहेरच्या वाटेवर गाडी तापण्याची परंपरा जुनी आहे! पण त्या बाईने दोष कुणाला दिला नाही. पिन काढली आणि कामाला लागली.

आता त्या फियाटी रस्त्यावर क्वचितच दिसतात. नव्या गाड्यांत पंखा विजेचा, पाण्याऐवजी रंगीत कूलंट, आणि काट्याच्या जागी दिवा. तरी पेट्रोलच्या गाडीत थर्मोस्टॅट आहेच, आणि बहुधा त्याच्या पोटात मेणही आहे. दुरुस्तीनंतर गाडी तापली तर क्रम तोच: थांबा, गार होऊ द्या, कधी तापते ते आठवा, फेरी एका टोकापासून तपासा. आणि सगळ्यात आधी, शेवटचा हात कुणाचा लागला ते विचारा. विचारताना आपले दोन्ही हात मोजायला विसरू नका.

ती गाडी माझ्याकडे पुढे अकरा वर्षे होती. तिचे प्रत्येक काम त्याच पोराने केले. बॉनेट उघडण्यापूर्वी तो दर वेळी एकच प्रश्न विचारी, "साहेब, तुम्ही काही उघडलं होतं का?"

त्याच्या आवाजात टोमणा कधीच नसे. प्रश्न बरोबर होता, आणि मी दर वेळी नीट आठवून उत्तर देत असे.